गैरवर्तनाची व्याख्याच नाही, मग न्यायाधीशाला काढण्याचा संसदेचा अधिकार किती?

आपला प्रश्न असा आहे: न्यायाधीशाला पदावरून दूर करण्याचे कारण म्हणून संविधानात ‘गैरवर्तन’ हा शब्द आहे, पण त्याची व्याख्या कुठेही दिलेली नाही; तर मग संसदेतल्या बहुमताला जे गैरवर्तन वाटेल तेच गैरवर्तन, असा त्याचा अर्थ घेऊन संसदेला मोकळे रान आहे असे मानायचे का? त्याला जोडून आपण दुसरी शंका विचारली आहे, की १९९३ साली लोकसभेत विरोधात एकही मत पडलेले नसताना न्यायाधीशाला दूर करण्याचा प्रस्ताव पडला कसा. मला या दोन्ही शंका एकाच गाठीच्या वाटतात. ‘गैरवर्तन’ या शब्दाभोवती आपण सगळे फार वेळ घुटमळतो. माझ्या मते संसदेच्या अधिकाराची हद्द आखली आहे ती त्याच्या आधी आलेल्या ‘सिद्ध झालेले’ या दोन शब्दांनी आणि त्या वाक्यातल्या मतमोजणीच्या शब्दांनी.

मी हे कोणत्या अनुभवावरून म्हणतो ते आधी सांगतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी मी अठ्ठावीस वर्षे वकिली करतो आणि माझ्याकडच्या कामाचा मोठा भाग पदावर बसलेल्या माणसाला पदावरून काढण्याच्या वादांचा आहे: सरपंच, नगराध्यक्ष, सहकारी संस्थांचे पदाधिकारी. न्यायाधीशाविरुद्धच्या चौकशी समितीपुढे मी कधी उभा राहिलेलो नाही. ते काम केलेले वकील देशभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असतील. परंतु पदावरून काढण्याचे कलम वाचायचे कसे, ही गोष्ट ग्रामपंचायतीपासून संसदेपर्यंत फारशी बदलत नाही, आणि ते वाचण्यात चूक झाली की काय होते हे मी जवळून पाहिलेले आहे.

पहिली गोष्ट म्हणजे या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. कोणत्या पदाबद्दल आपण बोलतो आहोत त्यावर ते अवलंबून आहे. न्यायाधीशावरचा ‘महाभियोग’ असे वर्तमानपत्रांत सर्रास छापले जाते आणि बोलण्याच्या ओघात मीही तसे म्हणतो, पण संविधानाने तो शब्द केवळ राष्ट्रपतींसाठी राखून ठेवला आहे. अनुच्छेद ६१ प्रमाणे राष्ट्रपतींवर ‘संविधानाचा भंग’ या एकाच कारणाने महाभियोग चालवता येतो: एका सभागृहाने आरोप ठेवायचा, दुसऱ्याने त्याची चौकशी करायची किंवा करवून घ्यायची, आणि दोन्हीकडे एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश मते मिळवायची. उपराष्ट्रपतींना दूर करण्याची तरतूद अनुच्छेद ६७ मध्ये आहे आणि तिच्यात कारणाचा उल्लेखच नाही. चौदा दिवसांच्या नोटिशीनंतर राज्यसभेने त्या वेळच्या सर्व सदस्यांच्या बहुमताने ठराव करावा आणि लोकसभेने त्याला संमती द्यावी, इतकेच. राज्यपाल तर राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत पदावर असतात, त्यामुळे विधिमंडळाच्या हातात त्यांना दूर करण्याचे काहीच नाही. न्यायाधीशांसाठीचा अनुच्छेद १२४(४) या तिन्हींपेक्षा वेगळा आहे. त्याचे सार असे, की प्रत्येक सभागृहाने एकूण सदस्यसंख्येच्या बहुमताने, शिवाय उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांच्या किमान दोन तृतीयांश बहुमताने, ‘सिद्ध झालेले गैरवर्तन किंवा अक्षमता’ या कारणासाठी समावेदन, म्हणजे राष्ट्रपतींना उद्देशून केलेली औपचारिक विनंती, एकाच अधिवेशनात सादर केल्याखेरीज न्यायाधीशाला काढता येणार नाही. अनुच्छेद २१८ मुळे हेच नियम उच्च न्यायालयांच्या न्यायाधीशांनाही लागू होतात.

ही चार कलमे शेजारी शेजारी ठेवून वाचली की आपल्या पहिल्या शंकेचे अर्धे उत्तर मिळते. कारण न देता काढण्याची मुभा द्यायची असेल तर ती कशी लिहायची, हे संविधानकारांना ठाऊक होते. उपराष्ट्रपतींच्या बाबतीत त्यांनी ती तशी लिहिली. ज्यांनी एके ठिकाणी कारण मुद्दाम गाळले, त्यांनी दुसऱ्या ठिकाणी ते घातले आणि त्याआधी ‘सिद्ध झालेले’ असेही जोडले, तेव्हा ते शब्द शोभेसाठी घातलेले नाहीत, असेच धरून चालावे लागते.

हा फरक मला ज्या प्रकरणात सर्वांत नीट कळला ते अकरा सदस्यांच्या एका ग्रामपंचायतीचे होते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमात सरपंचाला दूर करण्याच्या दोन वाटा आहेत. कलम ३५ अविश्वासाचे आहे. तेथे काही शाबीत करावे लागत नाही, फक्त माणसे मोजावी लागतात. कलम ३९ गैरवर्तणुकीचे आहे. तेथे माणसे मोजण्याचा प्रश्न येत नाही, आरोप ठेवून, नोटीस देऊन, चौकशी करून तो शाबीत व्हावा लागतो, आणि आदेश विभागीय आयुक्त काढतात. आमच्या प्रकरणात तहसीलदारांनी बोलावलेल्या विशेष सभेत अविश्वास ठरावाच्या बाजूने सात हात वर झाले. उरलेले चार सदस्य सभेकडे फिरकलेच नाहीत. ठराव मंजूर, असे इतिवृत्तात लिहिले गेले आणि पंचायतीच्या दारात गुलाल उधळला गेला. मी सरपंचांचा वकील होतो. प्रकरणाला त्या वेळी लागू असलेल्या कलमातले शब्द होते, सभेत बसण्याचा आणि मत देण्याचा हक्क असलेल्या एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश. अकराचे दोन तृतीयांश म्हणजे सातपेक्षा थोडे अधिक, आणि माणसाचा तुकडा होत नाही, म्हणून आठ. जिल्हाधिकाऱ्यांपुढच्या सुनावणीत समोरचे वकील पुनःपुन्हा एकच विचारत होते, की विरोधात एक तरी मत दाखवा. विरोधात एकही मत नव्हते, आणि तरीही ठराव पडला होता.

त्याच सरपंचांवर पाण्याच्या टाकीच्या बिलांबद्दल आरोप होते, आणि गावातल्या लोकांना वाटत होते की ते आरोप खरे आहेत म्हणून सातही पुरेत. ती भावना मला समजत होती. पण आरोपांची वाट कलम ३९ ची होती आणि तेथे सात काय, अकराच्या अकरा सदस्यांनी हात वर केले असते तरी त्याने बिले खोटी ठरली नसती.

आता १९९३ कडे येऊ. न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती असताना शासकीय निवासस्थानाच्या सामानसुमानावर केलेल्या खर्चाबद्दल त्यांच्यावर आरोप झाले. ते सर्वोच्च न्यायालयात असताना लोकसभेच्या १०८ सदस्यांनी नोटीस दिली आणि १२ मार्च १९९१ रोजी अध्यक्ष रबी राय यांनी ती दाखल करून घेऊन समिती नेमली. समितीत सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत, मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती पी. डी. देसाई आणि निवृत्त न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी होते. समितीने चौदापैकी अकरा आरोप सिद्ध झाल्याचे म्हटले. मे १९९३ मध्ये लोकसभेत दोन दिवस चर्चा झाली, न्यायमूर्तींच्या वतीने कपिल सिब्बल यांनी सभागृहापुढे उभे राहून बाजू मांडली, आणि ११ मे रोजी मतदान झाले: बाजूने १९६, विरोधात शून्य, तटस्थ २०५.

येथे संविधानातले दोन निकष वेगवेगळे मोजा. ‘उपस्थित राहून मतदान करणारे’ यांत तटस्थ धरले जात नाहीत. त्यामुळे दोन तृतीयांशांच्या निकषावर १९६ विरुद्ध शून्य, म्हणजे प्रस्ताव शंभर टक्के उत्तीर्ण होता. पण ‘एकूण सदस्यसंख्या’ म्हणजे आलेले, न आलेले आणि रिकाम्या जागाही धरून सभागृहाची पूर्ण संख्या. त्या वेळी ती ५४५ होती, म्हणून किमान २७३ मते हवी होती. सत्ताधारी पक्षाच्या सदस्यांनी विरोधात मत दिले नाही, पण त्यांच्या तटस्थ राहण्याचा परिणाम विरोधात मत देण्याइतकाच झाला, कारण कलमाचे शब्दच तसे आहेत. ही पळवाट नव्हे. काही मोजके सदस्य रात्री उशिरा सभागृहात बसले आहेत आणि त्यांनी न्यायाधीशाला काढून टाकले, असे होऊ नये म्हणून हा दुसरा उंबरठा घातला आहे. त्या दिवशी तो वापरला गेला त्या रीतीचे मला आजही वाईट वाटते, पण उंबरठाच नको असे मी म्हणणार नाही.

मतमोजणीच्या शब्दांना मी इतके महत्त्व का देतो, याचे महाराष्ट्रातलेच एक उदाहरण आहे. विधानसभेच्या अध्यक्षांना किंवा उपाध्यक्षांना दूर करण्याच्या अनुच्छेद १७९ मध्ये ‘त्या वेळच्या सर्व सदस्यांच्या बहुमताने’ असे शब्द आहेत. २०१६ च्या नबाम रेबिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच शब्दांवर भर देऊन सांगितले, की आपल्याला दूर करण्याची नोटीस प्रलंबित असताना अध्यक्षांनी सदस्यांना अपात्र ठरवण्याचे काम करू नये, कारण त्यामुळे मत देणाऱ्या सदस्यांची यादीच बदलते. जून २०२२ मध्ये आपल्या विधानसभेच्या उपाध्यक्षांविरुद्ध नोटीस दिली गेली तेव्हा हाच निकाल पुढे करण्यात आला, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने तो निकाल बरोबर आहे का, हा प्रश्न अधिक मोठ्या पीठाकडे सोपवला. एका विशेषणाभोवती राज्याचे सरकार कसे अडकते, हे आपण सर्वांनी तेव्हा पाहिले.

मूळ प्रश्नाकडे परत येतो: ‘सिद्ध झालेले’ म्हणजे कोणी सिद्ध केलेले? येथे थोडा इतिहास उपयोगी पडतो. भारत सरकार अधिनियम, १९३५ मध्ये न्यायाधीशाला ‘गैरवर्तन’ किंवा शारीरिक-मानसिक दुर्बलता या कारणांसाठी दूर करता येत असे, पण त्याआधी प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीने, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, तसा अहवाल देणे आवश्यक होते; म्हणजे तेथे विधिमंडळाचा संबंध नव्हता, न्यायाधीशाची चौकशी न्यायाधीशच करत. इंग्लंडमध्ये १७०१ पासून संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या समावेदनाची परंपरा होती, पण तेथे ‘सिद्ध’ हा शब्द नव्हता. ‘सिद्ध झालेले गैरवर्तन किंवा अक्षमता’ आणि ‘एकाच अधिवेशनात’ ही जोडी १९०१ साली अमलात आलेल्या ऑस्ट्रेलियाच्या संविधानातल्या कलम ७२ मध्ये जशीच्या तशी सापडते. आपल्या संविधानकारांनी त्यात आणखी एक भर घातली, ती अनुच्छेद १२४(५): समावेदन सादर करण्याची आणि गैरवर्तनाच्या ‘अन्वेषणाची व सिद्धतेची’ कार्यपद्धती संसदेने कायद्याने ठरवावी. मला ही भर फार मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे सिद्धता ही ठरावापासून वेगळी, ठरावाच्या आधीची पायरी बनली.

तो कायदा म्हणजे न्यायाधीश (चौकशी) अधिनियम, १९६८. लोकसभेत किमान १०० किंवा राज्यसभेत किमान ५० सदस्यांनी सह्या केलेली नोटीस लागते. अध्यक्ष किंवा सभापती ती दाखल करून घेतात किंवा नाकारतात. दाखल झाली तर तिघांची समिती बसते, त्यांत एक सर्वोच्च न्यायालयातले, एक उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि एक नामवंत विधिज्ञ असतात. समिती निश्चित आरोप तयार करते, न्यायाधीशाला बचावाची संधी देते, साक्षीपुरावा घेते. त्यानंतरचे कलम ६ हे आपल्या प्रश्नाचे नेमके उत्तर आहे. समितीने न्यायाधीश दोषी नाही असा निष्कर्ष दिला, तर विषय तेथेच संपतो आणि सभागृहात प्रस्ताव पुढे नेता येत नाही. दोषी असल्याचा निष्कर्ष दिला, तर प्रस्ताव विचारार्थ घेतला जातो, पण सभागृहावर तो मंजूर करण्याची सक्ती नाही.

या रचनेला सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दुजोरा दिला. रामस्वामींविरुद्धची नोटीस दाखल झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी लोकसभा विसर्जित झाली होती, आणि तिच्याबरोबर प्रस्तावही संपला असा युक्तिवाद करण्यात आला. न्यायालयाने तो फेटाळला. नोटीस दाखल होण्यापासून समितीच्या अहवालापर्यंतचे काम हे सभागृहाचे कामकाज नसून कायद्याने नेमून दिलेले काम आहे, आणि सभागृहाचा खरा अधिकार सिद्धतेनंतर सुरू होतो, असा त्या निकालाचा गाभा आहे. न्यायालयाने याला अनुच्छेद १२१ चाही आधार घेतला: दूर करण्याच्या प्रस्तावाखेरीज न्यायाधीशाच्या वर्तनावर संसदेत चर्चाच करता येत नाही. (राज्य विधिमंडळांना अनुच्छेद २११ प्रमाणे तेवढाही अपवाद नाही.)

थोडक्यात इथपर्यंत असे: गैरवर्तन सिद्ध झालेल्या न्यायाधीशालाही संसद ठेवू शकते, पण ते सिद्ध न झालेल्याला काढू शकत नाही. नाही म्हणण्याचा तिचा अधिकार जवळजवळ अमर्याद आहे; हो म्हणण्याचा अधिकार समितीच्या अहवालाने बांधलेला आहे. ‘बहुमताला वाटेल तेच गैरवर्तन’ हे विधान म्हणूनच भारतात टिकत नाही.

ते विधान मुळात अमेरिकेतले आहे, म्हणून तिकडे थोडे पाहावे लागते. अमेरिकेच्या संविधानात राष्ट्राध्यक्ष व इतर मुलकी अधिकाऱ्यांसाठी राजद्रोह, लाचखोरी किंवा ‘इतर गंभीर गुन्हे आणि दुष्कृत्ये’ अशी कारणे आहेत. ८ सप्टेंबर १७८७ रोजी जॉर्ज मेसन यांनी तेथे ‘गैरकारभार’ हा शब्द सुचवला होता. जेम्स मॅडिसन यांनी हरकत घेतली, की इतका ढोबळ शब्द घातला तर राष्ट्राध्यक्ष सिनेटची मर्जी असेपर्यंतच पदावर राहील, आणि मेसन यांनी तो शब्द मागे घेतला. असे असूनही १९७० साली एका न्यायाधीशाविरुद्ध बोलताना जेराल्ड फोर्ड यांनी सांगितले, की प्रतिनिधिगृहाच्या बहुमताला त्या घडीला जे वाटेल तेच महाभियोगास पात्र कृत्य. राजकीय वस्तुस्थिती म्हणून तेथे ते खरे असू शकते, कारण त्या संविधानाने आरोप ठेवण्याचा आणि खटला चालवण्याचा ‘एकमेव’ अधिकार सभागृहांनाच दिला आहे, आणि या ‘एकमेव’ शब्दामुळेच १९९३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने सिनेटच्या कार्यपद्धतीत लक्ष घालायला नकार दिला. आपल्याकडे न्यायाधीशांबाबत ‘एकमेव’ हा शब्दही नाही आणि सभागृह खटलाही चालवत नाही. तेथले वाक्य उचलून येथे लावणे म्हणजे कलम ३५ चा ठराव कलम ३९ च्या फायलीला जोडण्यासारखे आहे.

मग गैरवर्तन म्हणजे तरी काय? येथे मी ठाम व्याख्या देणार नाही, कारण ती नसणे मला योग्य वाटते. ज्यांनी यादी केली त्यांच्या यादीबाहेरचा माणूस नेहमी निघतो. पण दोन कडा बऱ्यापैकी स्पष्ट आहेत. निकाल चुकला, कायद्याचा अर्थ चुकीचा लावला, एखादे मत लोकांना आवडले नाही, हे गैरवर्तन नव्हे. त्यासाठी अपील आहे. उलट पदाचा हेतुपुरस्सर दुरुपयोग, लाच, सचोटीचा अभाव हे निःसंशय गैरवर्तन आहे. मधला पट्टा मात्र खरोखरच वादाचा आहे, आणि त्यातला सर्वांत कठीण प्रश्न म्हणजे पदाशी संबंध नसलेले किंवा पदावर येण्याआधीचे वर्तन धरायचे का.

ऑस्ट्रेलियात न्यायमूर्ती लायोनेल मर्फी यांच्या प्रकरणात हा वाद समोरासमोर आला. १९८४ साली तेथील सॉलिसिटर जनरल यांचे मत होते, की गैरवर्तन म्हणजे पदाच्या कामातले गैरवर्तन, आणि त्याबाहेरचे वर्तन धरायचे तर गुन्ह्याची शिक्षा झालेली असली पाहिजे. १९८६ साली संसदेने नेमलेल्या तीन माजी न्यायाधीशांच्या आयोगाने हा संकुचित अर्थ नाकारला आणि माणूस पदाला अयोग्य ठरतो का, यावर भर दिला. मर्फी यांचे त्याच वर्षी निधन झाल्याने पुढे काही झाले नाही, पण तो विचार मला अधिक बरोबर वाटतो. आपल्याकडे कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सौमित्र सेन यांच्याबाबत याच दिशेने गेले. वकील असताना १९८४ साली त्यांची न्यायालयाने रिसीव्हर, म्हणजे वादातला माल व पैसा सांभाळणारा, म्हणून नेमणूक केली होती, मालाच्या विक्रीतून आलेले सुमारे ३३ लाख रुपये त्यांच्या ताब्यात होते, आणि २००३ साली न्यायाधीश झाल्यानंतरही त्यांनी त्याचा हिशेब दिला नव्हता. काही आधीचे, काही नंतरचे, अशी बचावाची फोड समितीने मान्य केली नाही, आणि ऑगस्ट २०११ मध्ये राज्यसभेने १८९ मतांनी प्रस्ताव मंजूर केला. माझ्या मते हे बरोबर झाले. दुसऱ्याचे पैसे विश्वासाने ज्याच्याकडे ठेवले होते त्याने ते परत केले की नाही, हा प्रश्न शपथ घेतल्याच्या दिवशी पुसला जात नाही.

आपण ज्याला मोकळे रान म्हणता ते या कायद्यात एका जागी खरोखरच आहे, आणि माझी खरी काळजी तेथे आहे. ती जागा म्हणजे नोटीस दाखल करून घेण्याचा किंवा नाकारण्याचा अध्यक्षांचा आणि सभापतींचा अधिकार. कलम ३ मध्ये नाकारण्याची कारणे दिलेली नाहीत. योग्य वाटेल त्यांचा सल्ला घ्यावा, असल्यास कागदपत्रे पाहावीत, इतकेच म्हटले आहे. एप्रिल २०१८ मध्ये राज्यसभेच्या ६४ विद्यमान सदस्यांनी तत्कालीन सरन्यायाधीशांविरुद्ध नोटीस दिली, आणि सभापतींनी ती तीन दिवसांत फेटाळली. त्यांच्या कारणांपैकी एक असे होते, की नोटिशीतली भाषा ‘असावे’, ‘दिसते’ अशा संशयाची आहे, म्हणजे सह्या करणाऱ्यांनाच खात्री नाही, आणि अशा संशयावरून ‘सिद्ध झालेले गैरवर्तन’ होत नाही. त्या आरोपांच्या खरेखोटेपणाबद्दल मी काही म्हणत नाही, आणि निराधार नोटीस दारातच थांबवण्याचा अधिकार हवा हेही मला मान्य आहे; न्यायाधीशावर वर्षभर टांगती तलवार ठेवणे हीही एक शिक्षाच आहे. पण सिद्धतेचा निकष दारात आणून ठेवणे मला चुकीचे वाटते. कलमाच्या रचनेप्रमाणे सिद्धता समितीसमोर व्हायची आहे. साक्षीदार बोलावण्याचा अधिकार समितीला आहे, सह्या करणाऱ्या खासदारांना नाही. दारात पाहायचे ते एवढेच, की आरोप खरे धरले तर ते गैरवर्तन ठरेल का, आणि चौकशी करावी इतके काही हाती आहे का. मी ज्यांच्याविरुद्ध उभा राहतो ते वकीलही कलम ३९ च्या तक्रारीत पहिल्याच तारखेला ‘शाबीत काय आहे?’ असे विचारतात, आणि प्रत्येक वेळी सांगावे लागते की त्यासाठीच तर चौकशी मागितली आहे.

१९६८ च्या कायद्याच्या कलम ३ मधलाच आणखी एक शब्दप्रयोग जुलै २०२५ मध्ये चर्चेत आला. दोन्ही सभागृहांत एकाच दिवशी नोटिसा दिल्या गेल्या असतील, तर दोन्हीकडे प्रस्ताव दाखल झाल्याशिवाय समिती नेमू नये, आणि नंतर ती दोघांनी मिळून नेमावी, असे कायदा म्हणतो. त्या महिन्यात एका उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांविरुद्ध तशाच एका दिवशी नोटिसा दिल्या गेल्या, १२ ऑगस्टला लोकसभेच्या अध्यक्षांनी समिती नेमली, आणि या अटीचा अर्थ कसा लावायचा हा वाद उभा राहिला. आपण हा विषय अभ्यासत असाल तर हे परंतुक, म्हणजे कलमाला जोडलेली ही अट, मूळातून वाचावे.

या सगळ्यावर न्यायालयाची देखरेख चालते का, हे आपण विचारलेले नाही, पण ते सांगितल्याशिवाय उत्तर पुरे होणार नाही. १९९२ साली न्यायमूर्ती रामस्वामी यांच्या पत्नीने समितीच्या अहवालाची प्रत मागण्यासाठी अर्ज केला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की राष्ट्रपतींचा दूर करण्याचा आदेश निघाल्यावर संबंधित न्यायाधीश समितीच्या निष्कर्षाला न्यायालयात आव्हान देऊ शकतो. सभागृहाचा विचार चालू असताना मध्ये येता येणार नाही. म्हणजे ‘सिद्ध’ या शब्दाची शेवटची राखण न्यायालयाकडे आहे, पण ती फक्त काढले गेल्यास. सभागृहाने काढायचे नाही असे ठरवले, तर त्याविरुद्ध कोणाला कोठेही जाता येत नाही.

एका बाबतीत मात्र शब्द अपुरे पडले आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. अनुच्छेद १२४(४) फक्त ‘पदावरून दूर करणे’ एवढेच बोलतो, आणि न्यायाधीशाने राष्ट्रपतींना स्वतःच्या सहीचे पत्र दिले की राजीनामा होतो. तो कोणी स्वीकारावा लागत नाही. अमेरिकेत सिनेट दोषी माणसाला पुढे कोणतेही सन्मानाचे पद घेण्यास अपात्र ठरवू शकते, म्हणूनच १८७६ साली राजीनामा दिलेल्या युद्धमंत्र्यांवरही तेथे खटला चालला. आपल्याकडे तशी तरतूद नाही. न्यायमूर्ती पी. डी. दिनकरन यांनी जुलै २०११ मध्ये समितीची चौकशी चालू असताना राजीनामा दिला आणि चौकशी तेथेच थांबली. न्यायमूर्ती सेन यांनी राज्यसभेच्या मतदानानंतर, लोकसभेची तारीख येण्याआधी, १ सप्टेंबर २०११ रोजी राजीनामा दिला आणि प्रस्ताव निरर्थक ठरला. समितीसमोर सिद्ध होऊनही, दोन्ही सभागृहांतले बहुमत दिसत असूनही, संविधानाखाली आजवर एकाही न्यायाधीशाला दूर करण्याचा आदेश राष्ट्रपतींनी काढलेला नाही, याचे एक कारण १९९३ च्या त्या तटस्थ मतांत आहे आणि दुसरे या एका सहीच्या पत्रात. पहिल्याला माझ्याकडे उपाय नाही, कारण तो उंबरठा मला हवा आहे. दुसऱ्यासाठी १९६८ च्या कायद्यात, नोटीस दाखल झाल्यानंतर राजीनामा दिला तरी समितीने अहवाल पूर्ण करावा, एवढी तरतूद घालता येईल का, हा प्रश्न मी माझ्या विद्यार्थ्यांना दर वर्षी देतो. अनुच्छेद १२४(५) मधले ‘अन्वेषण व सिद्धता’ हे शब्द तितके ताणता येतात असे माझे मत आहे. वर्गातले निम्मे विद्यार्थी म्हणतात, की दूर करायला कोणी उरलेच नाही तर सिद्धता कशाची करायची, आणि त्यांचे म्हणणेही मला सहज खोडता आलेले नाही.